रोपांची खरी परीक्षा उन्हाळ्यात

वृक्षलागवडीचे यश आपण वर्षाच्या कोणत्या महिन्यात मोजतो, यावर त्या लागवडीचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. श्रावणात हिरवीगार दिसणारी रोपे मोजून त्यांचा आकडा नोंदवहीत उतरविणे सोपे असते. त्या वेळी आभाळच पाणी घालीत असते, ऊन सौम्य असते आणि दुबळे रोपही उभे राहते. परंतु महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात पाऊस ओसरल्यानंतरचे सात-आठ महिने रोपास आपल्या मुळांच्याच बळावर काढावयाचे असतात. वैशाख सरताना जे रोप जिवंत असते, तेच खरोखर लावले गेले. बाकीची केवळ खड्ड्यात ठेवली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

उत्साहाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केली. आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवण्यात आली होती. हे सर्व आकडे लागवडीचे आहेत. लागवडीचा आकडा आवश्यक आहे, यात शंका नाही. पण तो पेरणीच्या आकड्यासारखा आहे. कोणताही शेतकरी आपले पीक पेरलेल्या बियाण्याच्या वजनावरून सांगत नाही. खळ्यावर काय आले ते सांगतो. झाडांच्या बाबतीतच आपण हा साधा व्यवहार का विसरावा?

या लेखात सांगावयाचे आहे ते इतकेच की, रोप निवडताना, त्यास खत देताना आणि त्याची मोजदाद करताना आपली दृष्टी जमिनीच्या वरच थांबते. ती जमिनीच्या खाली गेली पाहिजे.

रोप वाळते ते का?

रोपवाटिकेत रोपास दररोज पाणी मिळते. पिशवीतील मूठ-दोन मूठ मातीत त्याच्या मुळांचा संसार चाललेला असतो. लागवडीच्या दिवशी तोच मातीचा गोळा आपण खड्ड्यात ठेवतो. भोवती ओलसर माती असली तरी मुळे अद्याप त्या मातीत शिरलेली नसतात. हाताळताना काही बारीक मुळे तुटलेलीही असतात. वरची पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडीत राहतात. आवक थोडी आणि खर्च पूर्वीचाच, अशी रोपाची स्थिती होते.

अशा वेळी रोप आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते. परंतु अन्न तयार करण्यासाठी लागणारा कर्बवायूही त्याच छिद्रांतून आत येत असतो. छिद्रे मिटली की अन्न तयार होणे मंदावते. अन्न नाही म्हणून नवीन मुळे फुटत नाहीत. नवीन मुळे नाहीत म्हणून पाणी मिळत नाही. पाणी नाही म्हणून छिद्रे उघडत नाहीत. या फेऱ्यात सापडलेले रोप मार्गशीर्षापर्यंत हिरवे दिसू शकते, पण चैत्रात ते वाळते. मृत्यू उन्हाळ्यात दिसतो. त्याचे कारण मात्र पुष्कळदा पावसाळ्यातच घडलेले असते. लागवडीनंतरच्या पहिल्या आठ-दहा आठवड्यांत मुळे पिशवीच्या मातीबाहेर पडून खाली किती उतरली, यावर सारे अवलंबून असते.

पाइनच्या रोपांनी दिलेला धडा

या प्रश्नाचा फार बारकाईने अभ्यास परदेशात झाला, तो मुख्यत्वे पाइन नावाच्या सूचिपर्णी वृक्षावर. आपल्या हिमालयाच्या उतारावरील चीड हा त्याच कुळातील होय. अमेरिकेच्या दक्षिण भागात व ऑस्ट्रेलियात इमारती लाकडासाठी या झाडाची विस्तीर्ण लागवड झाली आणि लाखो रोपे का मरतात, हा प्रश्न तेथील वनशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. दख्खनच्या पठारावर पाइन लावावा, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु त्या रोपांच्या अभ्यासातून निघालेल्या तीन गोष्टी आपल्याही उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, उंच रोप म्हणजे चांगले रोप नव्हे. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ फिलिप वेकली यांनी दक्षिणेकडील पाइनच्या लागवडीवर १९५४ साली एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. रोपाच्या बाह्य रूपावरून ठरविलेली प्रत आणि त्याच्या अंगचे खरे बळ या दोन गोष्टी नेहमी जुळतातच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढील काळातील अनुभव असा की, रोप जगेल की नाही याचा अंदाज उंचीपेक्षा जमिनीलगतच्या खोडाच्या जाडीवरून अधिक चांगला बांधता येतो. कारण जाड बुंध्याच्या रोपाखाली सामान्यतः मुळांचा संभारही मोठा असतो.

दुसरी गोष्ट त्याच प्रदेशातील लांब पानांच्या पाइनची. या झाडाचे रोप पहिली काही वर्षे उंच होतच नाही. ते गवताच्या झुपक्यासारखे जमिनीलगत बसून राहते. अनोळखी मनुष्यास वाटावे की याची वाढ खुंटली. प्रत्यक्षात त्या काळात ते आपले सोटमूळ खोल उतरवीत असते. मूळ पक्के झाले की मग ते झपाट्याने वर निघते.

तिसरी गोष्ट पोषणाची आहे. पोर्तो रिको या बेटावर पाइन लावण्याचे प्रयत्न वारंवार फसले. रोपे पिवळी पडत, खुरटत आणि मरत. १९५५ साली मुख्य भूमीवरील पाइनच्या जंगलातील माती आणून काही रोपांच्या मुळाशी घालण्यात आली, तेव्हा ती रोपे जोमाने वाढू लागली. पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्या बेटावरील मातीत नव्हती. ती जंगलाच्या मातीबरोबर आली. ही बुरशी आपल्या सूक्ष्म तंतूंनी दूरवरच्या मातीतील स्फुरद आणि पाणी मुळांस आणून देते व मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेते. खत नुसते मातीत असून भागत नाही. ते उचलणारे हात मुळांजवळ असावे लागतात, हा या गोष्टीचा अर्थ होय.

आपले रान काय सांगते?

हे ज्ञान परदेशी आहे म्हणून परके मानण्याचे कारण नाही. आपल्या माळरानावर आणि जंगलात तेच घडत असते. पळस, तेंदू यांची लहान रोपे उन्हाळ्यात वरून वाळून जातात आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतात. असे वर्षानुवर्षे चालते. दर वर्षी मूळ जाड होत जाते आणि त्यात पुरेसे अन्न साठले म्हणजे मग एखाद्या वर्षी फुटवा टिकून त्याचे झाड होते.

सागाच्या लागवडीत तर वनखात्याने हेच तत्त्व फार पूर्वीपासून व्यवहारात आणले आहे. सागाची जडी, म्हणजे ज्यास स्टंप म्हणतात ती, कशी करतात? रोपवाटिकेतील अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटून त्याचा सर्व शेंडा कापून टाकतात. खोडाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा आणि पंधरा-वीस सेंटिमीटर लांबीचे सोटमूळ एवढेच ठेवून ते पहारीने केलेल्या भोकात लावतात. एकही पान नसलेली ही काडी पहिल्या पावसावर फुटते आणि झाड होते. ज्या लागवडीत उंची शून्य असते, ती लागवड यशस्वी होते, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. सागाच्या मुळात अन्नाचा साठा असतो, म्हणून शेंडा कापूनही तो फुटतो. पाइनचे रोप असे कापले तर सहसा मरेल. त्याची नवीन मुळे मुख्यतः पानांनी ताज्या केलेल्या अन्नावर वाढतात. तेव्हा एका झाडाची रीत दुसऱ्यास डोळे मिटून लावू नये. लिंब, चिंच, करंज, शिसू, खैर यांपैकी जे झाड आपण लावणार, त्याची प्रकृती जाणून घ्यावी. तत्त्व एकच, रीत ज्याची त्याची.

रोपास काय खाऊ घालावे?

रोपवाटिकेत रोपे लवकर उंच दिसावीत म्हणून युरिया सढळ हाताने देण्याची प्रवृत्ती दिसते. नत्राने पाने व शेंडा वाढतो, ही गोष्ट खरी. परंतु त्या प्रमाणात मुळे वाढत नाहीत. असे रोप पाहणाऱ्यास आनंद देते, पण त्याचा पाण्याचा खर्च मोठा आणि मिळकत लहान असते. त्याची कोवळी, लुसलुशीत वाढ माळावरील पहिल्याच कोरड्या वाऱ्यात माना टाकते. नत्र रोपास हवेच. पण ते बेताने आणि लागवडीच्या बऱ्याच आधी द्यावे. मुळांच्या वाढीस स्फुरद आणि छिद्रांची उघडझाप नीट चालण्यास पालाश यांची गरज असते, याचा विसर पडू देऊ नये.

पिशवीच्या मातीत चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि त्याच जातीच्या जुन्या निरोगी झाडाखालची थोडी माती मिसळावी. आपल्याकडील बहुतेक झाडांच्या मुळांशीही उपकारक बुरशी राहत असते. तिची जात पाइनच्या बुरशीहून वेगळी, पण काम तेच. तिला रोपवाटिकेतच रोपाच्या सोबतीस देणे हा सर्वांत स्वस्त खुराक होय. खैर, शिसू, करंज यांसारख्या शेंगवर्गीय झाडांना मुळांवर गाठी करणारे जिवाणूही अशा मातीतून मिळतात.

लागवडीपूर्वी महिना-दीड महिना रोपे काटक करावीत. सावली हळूहळू काढावी. पाणी रोज न देता एक-दोन दिवसांच्या अंतराने द्यावे व नत्र बंद करावे. लाडात वाढलेल्या रोपास एकदम माळावर नेणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

रोप घेताना एक सोपा हिशेब करावा. उंची सेंटिमीटरमध्ये व जमिनीलगतच्या खोडाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि उंचीस जाडीने भागावे. ६० सेंटिमीटर उंच व ४ मिलिमीटर जाड रोपाचा भागाकार १५ येतो. ४२ सेंटिमीटर उंच व ७ मिलिमीटर जाड रोपाचा ६ येतो. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या रोपांत ज्याचा भागाकार लहान, ते रोप माळासाठी उचलावे. त्याबरोबर दोन-तीन पिशव्या फाडूनही पाहाव्यात. मूळ तळाशी गोल गुंडाळले गेले असेल तर तो वाफा नाकारण्याचा अधिकार गावास आहे, असे आम्ही मानतो. गुंडाळलेले मूळ खड्ड्यातही गुंडाळतच राहते.

खड्डा आणि पहिला पावसाळा

खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. कठीण मुरुमातील खड्डा पुष्कळदा कुंडीसारखा होतो; मूळ भिंतीस लागून परत फिरते. म्हणून खड्ड्याच्या तळाशी व बाजूंस पहारीने चिरा पाडाव्यात. तळाच्या मातीत कुजलेले शेणखत व सुमारे १०० ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळावे. उतारावर सलग समतल चर असतील तर चराच्या खालच्या बाजूस, जेथे ओल मुरते तेथे, रोप लावावे.

पहिल्या सरीवर घाई करू नये. पण माती खोलवर भिजल्यानंतर एक दिवसही दवडू नये. पावसाळ्यातील प्रत्येक आठवडा म्हणजे मुळास मिळालेली वीत-अर्धी वीत वाट होय. ऑगस्टच्या अखेरीस लावलेल्या रोपास ही वाट मिळतच नाही. समारंभाची तारीख पावसाने ठरवावी, पाहुण्यांच्या सोयीने नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लावताना पिशवी पूर्णपणे काढावी. नुसती चिरून ठेवू नये. माती पायाने घट्ट दाबावी, म्हणजे मुळाभोवती हवेची पोकळी राहणार नाही.

गवत हा रोपाचा गुपचूप चोर आहे. त्याची दाट मुळे वरच्या थरातील ओल रोपाच्या आधी पिऊन टाकतात. रोपाभोवती हातभर अंतरावर चोहीकडे खुरपणी करून तेच गवत आच्छादन म्हणून पसरावे. पाऊस संपत आला असता पुन्हा एकदा हलकी भांगलणी करावी. भाद्रपद-आश्विनात मात्र नत्रखत देऊ नये. पुढे पाणी नाही आणि कोवळी पाने मात्र आली, अशी अवस्था होते. उन्हाळ्यात पाणी देण्याची सोय असेल तर रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा पंधरा दिवसांनी घागरभर द्यावे. थोड्या पाण्याने मुळे वरच घुटमळतात. खोल ओलीने ती खाली उतरतात.

मेलेले रोप उपटून पाहावे

आता मुख्य सूचनेकडे वळू. प्रत्येक गावाने आपल्या लागवडीची मोजदाद मे महिन्याच्या अखेरीस करावी आणि ती सलग तीन उन्हाळे करावी. वाळलेले दिसणारे प्रत्येक रोप मेलेले नसते. म्हणून खोडाची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर ते जिवंत समजावे. जमिनीच्या वर सर्व वाळले असेल त्याची पुन्हा पाहणी जुलैच्या मध्यास करावी. कित्येक रोपे मुळापासून फुटलेली आढळतील. वरून वाळलेले आणि खरोखर मेलेले यांत फरक न करता त्याच खड्ड्यात नवे रोप घालणे म्हणजे जिवंत मूळ तोडून त्यावर दुबळे रोप बसविणे होय.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे, मेलेल्यांपैकी दहा-वीस रोपे जपून खणून पाहावीत. मेलेले रोप खोटे बोलत नाही. मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा निघाला, तर मुळे बाहेर पडलीच नाहीत. दोष रोपाचा किंवा लावण्याचा आहे, दुष्काळाचा नव्हे. मुळे बाहेर पडली पण वीतभरावरच अडली, तर खड्डा उथळ किंवा कठीण होता. मुळे पसरली पण भोवती गवताची जाळी आहे, तर भांगलणी राहिली. मुळे खाल्लेली दिसली, तर वाळवी किंवा हुमणी. खोड चावलेले असेल तर गुरे-शेळ्या. मुळे खोल व चांगली असूनही रोप वाळले असेल, तरच तो खरा अवर्षणाचा बळी. आपण बहुधा सर्वच मृत्यू अवर्षणाच्या नावे लिहितो. त्यामुळे दोष आभाळाकडे जातो आणि पुढील वर्षी तीच चूक पुन्हा होते.

काही आक्षेप

यावर ग्रामपातळीवरील कार्यकर्ते म्हणतील की, मेलेल्या रोपांची संख्या लिहिणे म्हणजे आपल्याच हाताने आपला दोष लिहिणे. हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु त्याचे फलित उलट आहे. आज रोपे मेली की ठपका शेवटी गावातील कार्यकर्त्यावरच येतो, कारण दुसरे कारण कोठे नोंदलेलेच नसते. गुंडाळलेल्या मुळांची रोपे पुरविली गेली, रोपे उशिरा पोचली, चराईचा बंदोबस्त झाला नाही, या गोष्टी आकड्यासह लिहिल्या गेल्या तर ज्याचा दोष त्याच्याकडे जाईल. कारणासहित नोंद ही कार्यकर्त्याची ढाल आहे.

दुसरा आक्षेप शेतकरी बंधूंचा असतो. लहान रोप शेळी खाते, गवतात दडते. उंच रोप निदान दिसते तरी. हेही अंशतः खरे आहे. घराजवळ, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, जेथे पिंजरा आणि पाणी दोन्ही आहेत, तेथे मोठे रोप अवश्य लावावे. मात्र ते मोठ्या पिशवीत वाढलेले, बुंध्यानेही जाड असावे. उघड्या माळावर मात्र शेळीवरचा उपाय उंच रोप हा नव्हे, चराईबंदी हा होय. हिवरे बाजारसारख्या गावांनी मोकाट चराई व कुऱ्हाड यांवर गावाच्या एकमताने बंदी घातली, तेव्हाच त्यांची टेकडी हिरवी झाली.

तिसरा आक्षेप असा की, अशाने लागवडीचा आकडा घटेल. घटू द्यावा. समजा, एका गावाने १,००० खड्डे घेतले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात २०० झाडे उरली. दुसऱ्याने ४०० खड्डे नीट घेऊन ३०० झाडे राखली. मजुरी, पाणी आणि जमीन कमी लागून झाडे अधिक मिळाली. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, दुसऱ्या गावात पुढील वर्षी लोक आपण होऊन कुदळ घेऊन येतील. पहिल्या गावात ते येणार नाहीत. आणि त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार कोणासही राहणार नाही. ज्याने तीन वर्षे खड्डे खणले व तीन वर्षे वाळलेल्या काड्या पाहिल्या, त्याचा विश्वास उडतो. गमावलेली रोपे पुन्हा मिळतील. गमावलेला विश्वास रोपवाटिकेत तयार होत नाही.

म्हणून ग्रामसभांनी पुढील लागवडीपूर्वी एक साधी वही घालावी. तीत रोपाची जात, रोप कोठून आले, उंची व जाडी, लागवडीची तारीख, तिन्ही उन्हाळ्यांच्या अखेरीस जिवंत असलेली संख्या आणि मेलेल्यांची कारणे, एवढेच रकाने असावेत. ही वही चावडीवर सर्वांस पाहावयास मिळावी. तीन वर्षांत आपल्या गावच्या जमिनीस कोणते झाड मानवते आणि कोणत्या रोपवाटिकेचे रोप टिकते, याचे जे ज्ञान त्या वहीत जमेल ते अन्यत्र कोठेही मिळावयाचे नाही. शेतकरी बंधूंनी बांधावर पाचच झाडे लावली तरी त्यांचा हिशेब याच रीतीने ठेवावा, आणि पहिल्या वर्षी रोप वाढले नाही म्हणून कष्टी होऊ नये. ते खाली वाढत असेल, तर ते योग्य दिशेनेच वाढत आहे.